व्हॅलेटा: दोन दिवस, एकच शहर

माल्टाला शनिवार-रविवार जोडून जायचं ठरलं की सगळं बेट उरकून टाकायचा मोह होतो. नकाशावर देश एवढासा दिसतो, त्यामुळे गोझो बेट, कोमिनो बेटाचं निळं पाणी, इम्दीनाचं जुनं गाव, मार्साश्लॉकचा मासळीबाजार सगळंच यादीत येतं. मग दोन्ही दिवस बसच्या रांगेत आणि बोटीच्या धक्क्यावर जातात. माझं मत स्पष्ट आहे: हातात दोनच दिवस असतील तर राजधानी व्हॅलेटा आणि तिच्यासमोरचं बंदर, एवढंच बघा. शहराचं क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तरी दोन दिवस पुरले असं मी म्हणणार नाही.

आम्ही म्युनिकहून गेलो होतो, मार्चमध्ये. आई पुण्याहून आमच्याकडे आलेली होती, तीही बरोबर होती. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे जर्मनी-फ्रान्सकडून येणाऱ्यांना विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ हवाच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. चलन युरो. इंग्रजी ही माल्टीजच्या जोडीने राजभाषा आहे, त्यामुळे भाषेची अडचण कुठेच येत नाही. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात आणि प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात. जर्मनीतले चार्जर तिथे बसत नाहीत, अ‍ॅडॉप्टर घेऊन जा.

विमानतळावरून एक्स-४ नंबरची बस थेट व्हॅलेटाच्या वेशीपर्यंत येते. बसस्थानक ट्रायटनच्या कारंज्याजवळच आहे आणि तिथून पुढे चालायचं. गाडी भाड्याने घेऊ नका. शहरात पार्किंग मिळत नाही आणि आत गाडी नेण्याचे पैसे वेगळे पडतात.

राहायचं कुठे, यावर बरेच जण जवळची स्लीमा किंवा सेंट ज्युलियन्स ही किनाऱ्यावरची गावं सुचवतात. तिथे हॉटेलं भरपूर आहेत. तरीही मी म्हणेन की व्हॅलेटाच्या तटाच्या आत राहा. दिवसाचे पर्यटक आणि क्रूझवाले संध्याकाळी परत गेले की रिपब्लिक स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या बाजूच्या गल्ल्या मोकळ्या होतात. वर रंगीत लाकडी सज्जे, खाली दगडी पायऱ्या आणि रस्त्याच्या टोकाला समुद्राचा तुकडा. हे बघायला रात्री नऊला आणि सकाळी सातला तिथे असावं लागतं. खोली घेताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि खोली कितव्या मजल्यावर. जुन्या घरांची हॉटेलं केलेली असतात आणि त्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही तळमजल्याची खोली मागून घेतली होती, ते फार उपयोगी पडलं.

हे शहर समजायचं तर आधी १५६५ सालचा वेढा डोक्यात हवा. सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या नाइट्सचं, ठाणं तेव्हा बंदराच्या पलीकडे बिर्गूला होतं. तुर्की आरमार मे महिन्यात आलं आणि सप्टेंबरमध्ये परत गेलं. या बाजूच्या टोकावरचा सेंट एल्मो किल्ला जवळजवळ महिनाभर लढून २३ जूनला पडला, बिर्गू मात्र टिकलं. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट याने समोरच्या उजाड टेकडीवर नव्या शहराचा पाया घातला. आराखडा लापारेल्ली या इटालियन लष्करी अभियंत्याचा. सरळ रेषेत एकमेकांना छेदणारे रस्ते, भोवती तट आणि बुरूज, जमिनीच्या बाजूला खोल खंदक. टेकडी सपाट करायचा विचार होता, पण तुर्क पुन्हा येतील या धास्तीने तेवढा वेळ कुणी घेतला नाही, म्हणून आजही रस्ते चढ-उताराचे आहेत. आपण गडकोट बघत वाढलेली माणसं, वेशीवरच्या पुलावरून खाली खंदकात नजर टाकली की पुढचं आपोआप कळत जातं.

बांधकामाचा दगड मधाच्या रंगाचा चुनखडक. कोकणातल्या जांभ्यासारखाच हा खाणीतून मऊ निघतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून साध्या करवतीने कापून त्यावर इतकं नक्षीकाम करता आलं.

शनिवारची सकाळ सेंट जॉन्स को-कॅथेड्रलला, म्हणजे सरदारांच्या मोठ्या चर्चला, द्या. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असतं, त्यामुळे इथे क्रम बदलून चालत नाही. वेळा बदलत असतात, जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि दार उघडतानाच पोचा. खांदे झाकलेले हवेत. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण खालची फरशी म्हणजे सरदारांच्या थडग्यांवरचे सुमारे चारशे रंगीत संगमरवरी फलक आहेत. त्यात सांगाडे, कवट्या, वाळूची घड्याळं, ढालींवरची घराण्यांची चिन्हं, सगळं दगडात दगड बसवून केलेलं. बाहेरून ही इमारत एखाद्या कोठारासारखी साधी आहे. आत पाऊल टाकल्यावर आई म्हणाली, "अगं, बाहेरून तर काहीच वाटत नव्हतं!" १५७०च्या दशकात गिरोलामो कासार याने ती बांधली, तेव्हा वेढ्याची आठवण ताजी होती. आतलं सोनेरी वैभव पुढच्या शतकातलं, आणि छतावरची चित्रं मात्तिया प्रेती याने थेट दगडावर तैलरंगात काढलेली.

बाजूच्या प्रार्थनागृहात काराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' आहे, १६०८ सालचं. लांबी पाच मीटरहून जास्त. त्याच्या सगळ्या चित्रांत सही असलेलं हे एकच, आणि ती सही त्याने जमिनीवर सांडलेल्या रक्तातून काढली आहे. मारेकरी पाठीमागून सुरी काढतोय, म्हातारी डोकं धरून उभी आहे, उजवीकडे खिडकीतून दोन कैदी माना वळवून बघताहेत, आणि चित्राचा अर्धा भाग नुसती काळोखी भिंत. खून करून रोमहून पळालेला हा माणूस इथे सरदार झाला, काही आठवड्यांतच मारामारीवरून तुरुंगात गेला आणि तिथूनही निसटला. त्याला बडतर्फ करण्याची सभा याच दालनात, याच चित्रासमोर भरली होती. इथे निदान अर्धा तास बसा. समोर बाकं आहेत आणि गर्दी गटागटाने येऊन जाते, मधल्या पाच मिनिटांत चित्र तुमच्या एकट्याचं असतं.

तिथून अप्पर बराक्का बाग पाच-सात मिनिटांवर आहे. खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बारा आणि चार वाजता तोफ उडवतात. कठड्याजवळ जागा हवी तर पंधरा मिनिटं आधी उभे राहा. लहान मुलं असतील तर आवाजाची आधी कल्पना द्या. याच बागेतून ५८ मीटरची लिफ्ट थेट बंदराच्या पातळीला उतरते आणि रस्ता ओलांडला की पलीकडच्या तीन शहरांना, म्हणजे बिर्गू, सेंगलिया आणि बोर्मलाला, जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ही लिफ्ट विसरू नये, व्हॅलेटातला सगळ्यात अवघड चढ तिने वाचतो.

वल्ह्याची रंगीत होडी मिळाली तर बंदर तिच्यातूनच पार करा. डायसा म्हणतात तिला. पाण्याच्या पातळीवरून तटाची उंची कळते, वरून ती कळत नाही. बिर्गूच्या गल्ल्या अरुंद, कुंड्यांनी भरलेल्या आणि शांत आहेत. सेंगलियाच्या टोकावर एक छोटी टेहळणीची गुमटी आहे आणि तिच्यावर डोळा आणि कान कोरलेत. व्हॅलेटाचा सगळा तट तिथून एका नजरेत येतो. आपल्याकडच्या वाचकांनी इथे उभं राहून १८७८ सालही आठवावं. रशिया-तुर्कस्तान प्रकरणात ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी याच बंदरात आणून उतरवले होते. मुंबई इलाख्यातल्या पलटणीही त्यांत होत्या. समुद्रापलीकडे युरोपात पाऊल ठेवलेल्या आपल्या पहिल्या पलटणींपैकी त्या.

रविवारी सकाळी सेंट एल्मो आणि त्यातलं युद्धसंग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर झालेली बाँबफेक, उपासमार, आणि १९४२ मध्ये सगळ्या बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान, हे सगळं तिथे आहे; तो क्रॉसही तिथेच ठेवलेला आहे. दोन-अडीच तास लागतात. थकला असाल तर हे सोडा, पण पुरातत्त्व संग्रहालय सोडू नका. तिथे 'निद्रिस्त स्त्री' आहे, तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. कुशीवर निजलेली, एक हात उशाखाली, अंगाच्या भाराने बाज किंचित वाकलेली. ती जिथे सापडली ते हायपोजियम, म्हणजे जमिनीखाली कोरलेली दफनगृहं, जवळच पाओला गावात आहे. तिथे दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात. तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. ते मिळालं तर मात्र बाकीचा बेत त्याभोवती बसवा.

खाण्याची शाकाहारी माणसांना फार चिंता नको. पास्तिझ्झी नावाच्या पापुद्र्यांच्या करंज्या कोपऱ्याकोपऱ्यावर गरम मिळतात, रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरलेल्या. पारंपरिक पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे कटाक्षाने पाळणाऱ्यांनी दुकानात विचारूनच घ्यावं. बिजिल्ला म्हणजे बाकल्याची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर उत्तम. मांसाहारींसाठी सशाचा रस्सा ही इथली खासियत. किनी नावाचं कडवट संत्र्याचं पेय आईला अजिबात आवडलं नाही, मला फार आवडलं. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, पण बराचसा भाग समुद्राचं पाणी गोडं करून केलेला असल्याने चव वेगळी लागते. लोक बाटल्याच घेतात.

शेवटच्या संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या धक्क्यावरून स्लीमाची फेरीबोट घ्या. मावळतीचं ऊन पाठीशी आणि समोर कार्मेलाइट चर्चचा घुमट घेऊन उभं व्हॅलेटा. फोटो तिथूनच काढायचा.

जुलै-ऑगस्ट टाळा, दगडी शहर तापतं आणि सावली कमी. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर बरे. ३१ मार्च आणि ८ सप्टेंबरला ग्रँड हार्बरमध्ये, म्हणजे व्हॅलेटासमोरच्या याच बंदरात, वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती असतात, बंदराकाठची गावं एकमेकांविरुद्ध उतरतात. तारखा जुळत असतील तर तेव्हाच जा, फक्त खोली बरीच आधी घेऊन ठेवा.