बॅसिलसकडून चांदीचे नॅनोकण आणि त्यांची एमआरएसएवर चाचणी: माझा अनुभव

बॅसिलस सबटिलिस या जीवाणूकडून चांदीचे नॅनोकण बनवून ते एमआरएसएवर, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जीवाणूवर, तपासायचे होते. बॅसिलसचं कल्चर मी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडून घेतलं. हा जीवाणू रोगकारक नाही. शिवाय चांदीचं क्षपण करणारी, म्हणजे चांदीच्या आयनांपासून धातूची चांदी बनवणारी, द्रव्यं तो पेशीबाहेर सोडतो, त्यामुळे पेशी फोडण्याची कटकट नाही.

पहिली अडचण ब्रॉथची, म्हणजे जीवाणू वाढवायच्या द्रव खाद्याची. तयार न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये सहसा लिटरला 5 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास 85 मिलिमोलर क्लोराइड. त्यात 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट पडलं की दुधासारखा गढूळपणा येतो. ते सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ते जांभळट-करडं पडतं आणि नवख्याला नॅनोकण झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी लिटरला 5 ग्रॅम पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं), 3 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि मीठ अजिबात नाही, असा ब्रॉथ स्वतः बनवला.

37 अंशांवर, 150 आरपीएमच्या शेकरवर 24 तास वाढवलं. 8,000 आरपीएमला 15 मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला. पीएच 8.5 करायचा तो इथेच. चांदी घातल्यावर सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका बसतो, म्हणजे पुन्हा फसगत.

170 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट 100 मिलि डिआयनाइज्ड पाण्यात विरघळवलं की 10 मिलिमोलर होतं. त्यातलं 10 मिलि, 90 मिलि गाळलेल्या द्रवात घातलं. फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, कारण नुसत्या उजेडानेही चांदीचं क्षपण होतं. हातमोजे घालाच, बोटांवरचे काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत. तुलनेसाठी शेजारी तीन कंट्रोल ठेवले: नुसता गाळलेला द्रव, पाण्यात सिल्व्हर नायट्रेट, आणि जीवाणू न वाढवलेल्या, पीएच 8.5 केलेल्या ब्रॉथमध्ये सिल्व्हर नायट्रेट. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. पेप्टोनही चांदीचं क्षपण करू शकतं. तो फ्लास्कही तितकाच तपकिरी झाला, तर श्रेय जीवाणूंना देता येत नाही.

रंग पिवळसर, मग गडद तपकिरी होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 420 नॅनोमीटरच्या आसपास शिखर हवं. ते पसरट होऊन 450च्या पुढे सरकलं तर बहुधा कण मोठे झालेत किंवा गोळा होताहेत. 12,000 आरपीएमला 20 मिनिटं, असं तीनदा डिआयनाइज्ड पाण्याने धुतलं. सलाइन किंवा पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) वापरू नका, त्यातल्या क्षारांनी कणांच्या गुठळ्या होतात.

एमआरएसएसाठी एटीसीसी 43300 हा स्ट्रेन, काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. आगारवर ठेवलेल्या, कण लावलेल्या कागदी डिस्कभोवती जीवाणू न वाढल्याने दिसणाऱ्या वर्तुळावर माझा भरवसा नाही. कण आगारमध्ये नीट पसरत नाहीत. म्हणून किती मात्रेला जीवाणू थोपतात ते पाहायला 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये म्युलर-हिंटन ब्रॉथ घेऊन मिलिलिटरला 128 पासून 0.25 मायक्रोग्रॅमपर्यंत निम्मं-निम्मं करत दहा वेल भरले. अकरावा वाढीचा कंट्रोल, बारावा निर्जंतुकतेचा. मिलिलिटरला 5 लाख जीवाणू, 35 अंश, 18 तास. जास्त मात्रेच्या वेलमध्ये कणांच्याच रंगामुळे गढूळपणा कळत नाही, म्हणून प्रत्येक वेलमधले 10 मायक्रोलिटर साध्या आगारवर टाकून वाढ पाहिली. मात्रा ठरवताना कोरडी पावडर तोलू नका, कणांवर प्रथिनांचा थर असतो. चांदी अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर, म्हणजे धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून घ्या.

त्याच प्लेटमध्ये तुलनेसाठी एक ओळ सिल्व्हर नायट्रेटची आणि एक शेवटच्या धुण्यातून निघालेल्या पाण्याची लावा. त्या पाण्यानेही वाढ थांबली तर मोकळे चांदीचे आयन अजून शिल्लक आहेत. कण पुन्हा धुवायचे आणि प्लेट नव्याने लावायची.