कटांगाचे सोन्याचे ५ फ्रँक: घनता अखेर जुळली!

मंडळी, तीन आठवडे छळणारा आकडा काल रात्री जागेवर आला. काँगोतून फुटून निघालेल्या कटांगाचं, भावाने ब्रुसेल्सहून आणलेलं १९६१चं हे नाणं १७.२ घनता दाखवतंय.

वजनाची शंका कधीच नव्हती. १३.३३ ग्रॅम हवं, १३.३२ भरलं. म्हणजे ब्राँझच्या ५ फ्रँकवर सोन्याचं पाणी दिलेलं नाही, ते तर याच्या निम्मंच भरतं. घोडं अडलं घनतेवर. ९०० टंच (हजारात नऊशे भाग सोनं), बाकी तांबं धरलं तर १७.२-१७.३ यायला हवी. मला मिळत होती १६.४४, मग १६.८६, मग १६.०५! पोटात दुसरंच काही भरलंय या धास्तीने झोप उडाली. सराफांच्या यंत्रावर ९०० टंच निघाला, पण ते यंत्र वरचा थरच वाचतं. "कसोटीवर घासून बघू का?" असं त्यांनी विचारताच नाणं उचललं आणि घरी आलो.

पहिला दोष काट्याचा. घनता म्हणजे नाण्याचं वजन भागिले त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि हे नाणं जेमतेम पाऊण ग्रॅम पाणी सारतं. ०.०१च्या काट्यावर शेवटचा आकडा एकाने हलला की घनता ०.२ने सरकते. चांदीच्या रुपयाला तो काटा चालेल, सोन्याला मिलिग्रॅमचाच घ्या, पैसे वसूल होतात.

तरी नव्या काट्यावर सारलेलं पाणी ०.७९८ ग्रॅम, म्हणजे घनता १६.७. मग भिंगातून ग्लासात पाहिलं: दोन वेढे दिलेला जाड सुती दोरा फुगलेला, त्याला आणि नाण्यावर कोरलेल्या केळ्यांच्या घडाच्या खाचांना चिकटलेले चंदेरी बुडबुडे. दोरा काढून केसासारखी नायलॉनची तार लावली, पाणी उकळून गार केलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला. ०.७७४. पुन्हा ०.७७४. तिसऱ्यांदाही तेच!

आता ते बिनधास्त पाहतोय. मागचा क्रूस म्हणजे तिथली जुनी तांब्याची क्रूसाकृती लगड, जी स्वतःच चलन होती. जुलै १९६० ते जानेवारी १९६३ एवढंच आयुष्य लाभलेल्या, तांब्याच्या खाणींवर उभ्या राज्याने सोन्यावरही तीच कोरली. मला हे फार भावतं.

पुढे नायजेरियातून फुटलेल्या बियाफ्राचा १९६९चा सोन्याचा १ पौंड घ्यायचा ठरला होता. पण लिहिता लिहिता हिशेब केला: ३.९९ ग्रॅम, म्हणजे पाणी सरणार अवघं ०.२३. त्याआधी हात बसायला हवा. अर्ध्या सॉव्हरिनचं वजन तेच आणि टंचही तोच, २२ कॅरेट. काकूंकडे एक आहे, रविवारी तार आणि काटा घेऊन तिकडेच जातो.