आप्पांच्या बोअरवरचा तवंग

परवा कराडहून गावी गेले, तर आप्पांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही. "आधी रानात चल. बोअरच्या पाण्यावर त्याल आलंया." टाकीत खरंच निळा-जांभळा तवंग होता. 'खाली पेट्रोल आहे, सर्व्हे करून देतो' म्हणत एकजण पंधरा हजार मागून गेला होता.

मी बाभळीची काटकी तवंगातून फिरवली. पापुद्र्याचे कोनेदार तुकडे झाले नि तसेच सुटे तरंगत राहिले. तेल असतं तर काटकीमागून लगेच जुळून आलं असतं. हे पाण्यातलं लोह आणि त्यावर जगणारे जिवाणू. टाकीच्या तळाशी तांबूस, बुळबुळीत साकाही होता.

"आणि लई खाली गेलं तर?" आप्पांनी विचारलं.

मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर मी नऊ वर्षं मड लॉगिंग केलंय, म्हणजे खोदताना चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा तपासलाय, तरी हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही. तेलाला आधी गाळ लागतो. त्यात पुरलेले सूक्ष्मजीव, पालापाचोळा दोन-चार किलोमीटर खाली, साधारण 60 ते 120 अंशांत लाखो वर्षं शिजावे लागतात. आपल्याकडे वर आहे तो 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सौराष्ट्र-कच्छमध्ये त्याच्याखाली जुना गाळ सापडतो. पण कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे गावात 3 किलोमीटर खोल बोअर घेतली, तेव्हा सुमारे 1,247 मीटर याच लाव्ह्याचा काळा कातळ लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे त्याहून कितीतरी जुना कठीण खडक. मधे गाळाचा थरच नाही.

मुंबई हायला, मुंबईपासून 160 किलोमीटरवर समुद्रात, हाच कातळ खचून तळ झाला. त्यावर गाळ साचत गेला. बाजूच्या खोलगट भागातल्या पन्ना थराच्या शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, तेल तयार झालं, सरकत उंचवट्यावरच्या मायोसीन काळातल्या चुनखडीच्या छिद्रांत शिरलं आणि वरच्या शेलनं त्याला कोंडून ठेवलं. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजानं ते गाठलं. शेकरवरून, म्हणजे चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरून, उचललेला त्या चुनखडीचा चुरा मी पहिल्यांदा अतिनील दिव्याखाली धरला, ती रात्र अजून आठवते. राखाडी कण त्यातल्या तेलामुळे हळदीसारखे पिवळे उजळले होते.

"म्हंजी आपलाच कातळ हाय तिकडं तळाला?"

"होय आप्पा, त्याच लाव्ह्याचा."

ते टाकीच्या कठड्यावर बसले. काटकी मागून घेऊन त्यांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिली. मग त्या माणसाला फोन लावला, येऊ नका म्हणून सांगितलं, आणि आम्ही चहाला घरी गेलो.