सीपीआर शिकताना कात्री हातात आली

प्रथमोपचार प्रशिक्षणाचं परिपत्रक निघालं आणि मुलींच्या वसतिगृहातून माझं नाव आपसूक लागलं. मी रेक्टर. रात्री कुणाला चक्कर आली, कुणाचा इस्त्रीने हात भाजला, कुणी कडक उपास करून जिन्यात बसली, की पहिला फोन मला. आमचं विद्यापीठ जळगाव शहराबाहेर, गिरणेपलीकडच्या टेकाडावर. हायवेला गर्दी असली की शहरातून यायला किती वेळ लागतो, ते जळगावकरांना सांगायला नको. १०८ला फोन लावला तरी गाडी पोचेपर्यंतचा वेळ आपलाच असतो.

यादीत सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, प्रयोगशाळा परिचर, मेसच्या मावशी आणि रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं होती. शिकवायला भूलतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आल्या होत्या. ऑपरेशन थिएटरात पेशंटच्या श्वासावर आणि नाडीवर लक्ष ठेवणारी हीच मंडळी, त्यामुळे हा विषय त्यांचाच.

सुरुवातीला त्यांनी हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट वेगवेगळे करून सांगितले. अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छातीत दुखतं म्हणतो. त्याची छाती दाबायची नाही, त्याला दवाखान्यात पोचवायचं. अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, माणूस कोसळतो. खांदे थोपटून हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. अशा वेळी कधीकधी माणूस आचके देतो, आणि जमलेली माणसं म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा.’ मॅडमनी दोनदा बजावलं: आचके हा श्वास धरायचा नाही, लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, सुरू करा. आपल्याकडे तेवढ्यात कुणी कांदा हुंगवायला आणतं, कुणी तोंडात पाणी ओततं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचंच नाही.

मग सरावाच्या डमी जमिनीवर आल्या. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दाब पुरेसा पडला की डमी ‘टक्’ वाजते. व्यायामशाळेत जाणारी पोरं दंडाच्या जोरावर दाबायला लागली आणि मिनिटभरात धापा टाकायला लागली. आमच्या मेसच्या मावशी मात्र अंगाचा भार टाकून न थकता दाबत होत्या, टक् टक् टक्. मॅडमनी कौतुक केलं तर म्हणाल्या, ‘पुरणाच्या मांड्यांची कणीक तिंबतो ना आम्ही, तसंच तर आहे.’ तरी नियम म्हणजे नियम: दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आपण थकलोय हे आपल्याला कळायच्या आधीच दाब उथळ होत जातो.

तोंडाने श्वास देणंही शिकवलं, तीस दाबांनंतर दोन श्वास. पण अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायचं म्हटल्यावर हॉलमधली निम्मी मंडळी मागे सरकली. मोठ्या माणसाला नुसता छातीचा दाब देत राहिलं तरी चालतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांना मात्र श्वासही हवा.

एका रक्षकदादांनी अहिराणीतच विचारलं, ‘मॅडम, बरगडी मोडी गयी ते?’ मोडू शकते, मॅडम म्हणाल्या, तरी थांबायचं नाही. बरगडी जुळून येते. दुसरा प्रश्न, मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल का, हा. आमच्या फाटकासमोर हायवे आहे, तेव्हा तो येणारच होता. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे ऐकून ड्रायव्हर मंडळींनी एकमेकांकडे बघितलं.

दुपारी एईडी, म्हणजे शॉक द्यायचं यंत्र. शिकायचं यंत्र खरा शॉक देत नाही, बोलतं मात्र खऱ्यासारखंच. बटण दाबलं की पुढचं तेच सांगतं. एक पॅड उजव्या हसळीखाली, दुसरं डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांवर. ते हृदयाची लय तपासतं तेव्हा आणि शॉकच्या वेळी पेशंटला कुणी हात लावायचा नाही. शॉक झाला की लगेच पुन्हा दाब सुरू. शॉक द्यायचा की नाही हे यंत्रच ठरवतं. सिनेमात सरळ रेष दिसली की शॉक देतात, तसं नसतं. हृदय नुसतं थरथरत असेल तेव्हा शॉकचा उपयोग.

एवढं झाल्यावर मॅडमनी पिशवीतून एक जुना कुर्ता आणि ओढणी काढली आणि डमीला घातली. मागच्या पोरांमध्ये खसखस पिकली. ‘लेडीज केस आहे. काय कराल?’ एक रक्षक म्हणाले, ‘रेक्टर मॅडमना बोलावू.’ ‘आणि त्या यायला पाच मिनिटं लागली तर?’ दाब आणि शॉक मिळाला नाही तर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, असं त्या नुकत्याच सांगून चुकल्या होत्या. हॉल चिडीचूप.

कात्री माझ्या हातात दिली. गळ्याकडून कापायला गेले तर नक्षीची पट्टी दुहेरी, पाती तिथेच अडकली. मग खालच्या काठाकडून वर कापत नेलं, फरकन निघालं. पॅड उघड्या कातडीवरच लागतं, म्हणजे आतले कपडेही बाजूला करायचे. हे मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मंगळसूत्र मानेकडे सारायचं. घाम पुसून घ्यायचा; आमच्या मे महिन्यात हे विसरून चालणार नाही. दाब मात्र कपड्यांवरूनच सुरू करता येतो, त्यासाठी कुणाची वाट बघायची नाही. कपडे काढायचे ते यंत्र आल्यावर. तेवढ्यात दोघींनी ओढणी किंवा चादर धरून आडोसा करायचा, पाठ पेशंटकडे, तोंड गर्दीकडे.

माझ्यानंतर त्याच रक्षकांना पुढे बोलावलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग उघडून व्यवस्थित पॅड लावले.

माझ्या मते अख्ख्या दिवसात हाच अर्धा तास खऱ्या शिक्षणाचा. बाकीचं पुस्तकातूनही कळलं असतं. आणि एक तक्रार आहेच: एरवी या डमी सगळ्या पुरुषी छातीच्याच का असतात? तो कुर्ता मॅडमनी स्वतःच्या घरून आणला होता.

बाकीचं भराभर उरकलं. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा, टूथपेस्ट नको. फिट आली तर हातात चावी-चप्पल नको, कुशीवर वळवा. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चावलेला हातपाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा. पावसाळ्यात आमच्या टेकाडावर साप निघतात, म्हणून हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. शेवटी छोटी लेखी परीक्षा, डमीवर दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र.

वसतिगृहात आल्यावर पहिल्यांदा प्रथमोपचार पेटीत बोथट टोकाची मजबूत कात्री आणि एक मोठी चादर ठेवली. मग मुलींची बैठक घेतली आणि स्पष्ट विचारलं: तुमच्यापैकी कुणी पडलं आणि मी जवळ नसले, तर वॉचमन काकांनी करायचं ना? बऱ्याच वेळाने एकजण बोलली. ‘काकांनी केलं तर चालेल, मॅडम. पण तेव्हा कुणी व्हिडिओ काढला तर?’ याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. मग आम्हीच ठरवलं: दोघींनी चादर धरायची आणि तिसरीने सगळ्यांचे मोबाइल खाली करायला लावायचे. मजल्यागणिक नावं रजिस्टरमध्ये लिहिली. तिच्या मजल्यावरचं ते तिसरं काम त्या मुलीने स्वतःच मागून घेतलं.