तुम्ही विचारलंत म्हणून : चहा सोडला तर मग चार वाजता काय पिता?

फोंड्यात कुणाकडेही गेलं की हेच, "चहा नको? मग ग्रीन टी करू?" अहो, ग्रीन टीतही कॅफिन असतंच! काळा, हिरवा, पांढरा, सगळा एकाच झाडाचा पाला, कॅमेलिया सायनेन्सिस, फरक फक्त पुढे त्याचं काय करतात त्याचा. आणि गवती चहा घातला म्हणून पावडरीतलं कॅफिन काही पळून जात नाही, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना पटतच नाही. मी काही हौसेने सोडला नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागेना, छातीत धडधड, डॉक्टरनी दिवसाचे कप मोजायला लावले तर सहा निघाले.

डिकॅफमधलं कॅफिन मागाहून काढलेलं असतं, थोडं राहतंच. पण मुळातच कॅफिन नसलेलं चहाचं झाड? आहे की, चीनमधे. ग्वांगडाँगमधला कोको टी, ही कॅमेलियाचीच वेगळी जात, आणि फुजियानच्या डोंगरातलं 'होंगयाचा' नावाचं रानटी झाड, ज्यावरचा अभ्यास 2018 साली छापून आला. चहाचं पान आधी थिओब्रोमिन नावाचं द्रव्य बनवतं आणि मग त्याचं कॅफिन करतं, या झाडांत ती शेवटची पायरीच होत नाही, त्यामुळे थिओब्रोमिनच उरतं, जे कोकोत असतं. ते कॅफिनसारखी झोप उडवत नाही. चहातली कॅटेचिन्स, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, तीही असतात. वजन उतरतं वगैरे जे वाचता ते कोको टीबद्दल बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगातलं आहे, उंदरांचं वजन उतरलं तर छानच.

असो, हे पणजीच्या बाजारात मिळायचं नाही. भाच्याने आफ्रिकेचा रुइबॉस आणून दिला, तो तर शेंगावर्गातलं झुडूप, कॅफिन नाही आणि टॅनिनही कमी, रंग सुरेख लाल. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "कात उकळलास गो?"

मी पिते कषाय. धणे जास्त, जिरे त्याच्या निम्मे, थोडी बडीशेप, चार मिरी, मंद आचेवर भाजायचं, धणे तडतडायला लागले की लगेच उतरवायचं नाहीतर कडू होतं. जाडसर दळून डब्यात. चमचाभर पूड पाण्यात उकळून गूळ, गॅस बंद केल्यावरच दूध, नाहीतर गुळाने फाटतं. औषध वगैरे म्हणणार नाही मी त्याला, पण पोटाला बरं वाटतं आणि अकरा वाजता झोप येते.

सासूबाई मात्र शेजारच्या बर्नरवर आपला कडक चहा ठेवतात, आणि तो वास आला की माझा कप हातातच राहतो.