फ्रीज बदलायचा का?

पावसाळा लागला तरी आमचं विजेचं बिल उतरेना. घरात सगळ्यांचं एकमत झालं, फ्रीज जुना झालाय, तोच वीज खातोय, बदलून टाकू. हे तर दुकानात जाऊन किंमतही विचारून आले. २८ हजार.

मी एवढंच म्हटलं, आधी वीज कुठे जाते ते शोधू. ‘फ्रीज बदलायचा का?’ असं विचारलं की फ्रीजच दोषी, हे न तपासता मान्य होऊन जातं. आपली अडचण जास्तीच्या युनिटांची होती.

म्हणून रुपये बाजूला ठेवले आणि युनिट पाहिले. घरगुती वापरात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे वापर थोडा वाढला तरी रक्कम फुगते. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिलं तर तीसेक युनिट जास्त. फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाचा वापर छापलेला असतो. आमच्या फ्रीजवर २९० युनिट आहे, म्हणजे दिवसाला ०.८. महिन्याचे हे तीस युनिट फ्रीजचे असतील, तर त्याचा वापर दुपटीच्या वर गेला असणार. पण कॉम्प्रेसर पूर्वीसारखाच मधे मधे थांबत होता.

मग इचलकरंजीला लग्न निघालं. जाताना फ्रीजखेरीज सगळं बंद केलं, पाण्याची मोटर तेवढी ऑटोवर राहिली, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी उतरलं की ती आपोआप सुरू होते. मीटरचा फोटो काढला, परत आल्यावर दुसरा काढला. दोन दिवसांत दीडेक युनिट जायला हवं होतं, गेलं साडेतीन.

घराला कुलूप, तरी मोटर चालली असेल तर पाणी वापरलं कोणी? एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॉट, पण प्रत्यक्षात ती किलोवॉटभर वीज ओढते. ती रोज तासभर जादा चालली तर महिन्याचे हे तीसेक युनिट भरतात. वरच्या टाकीतलं पाणी कुठेतरी निसटत होतं. गळका नळ दिसतो, ऐकू येतो. फ्लशच्या टाकीचं तसं नाही, तिथून पाणी गुपचूप भांड्यात उतरत राहतं. त्याची तपासणी सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भांड्यातलं पाणी लाल झालं. प्लंबरने आतलं रबर बदललं, मोटरचं सारखं सुरू होणं थांबलं.

नव्या फ्रीजचा हिशेबही मी कागदावर मांडला. वर्षाला १०० युनिट वाचले आणि युनिटला १० रुपये धरले, तर हजार रुपये. २८ हजार वसूल व्हायला २८ वर्षं! सासूबाई म्हणतात फ्रीज लहान पडतो, आणि ते खरंच आहे. पण ती गरज निराळी, तिचा विचार दिवाळीला जागा आणि पैसे बघून करू. विजेच्या नावाखाली तो निर्णय उरकायला नको.

परवा पुतण्याचंही असंच झालं. तो विचारत होता, ‘काकू, गणिताला कोणता क्लास लावू?’ त्याला सहामाहीची उत्तरपत्रिका घेऊन बसवलं. प्रत्येक चुकीपुढे लिहायला लावलं: रीत येत नव्हती, आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही. निम्म्याहून जास्त गुण वेळेअभावी गेले होते. आता तो रोज संध्याकाळी आमच्याकडे घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवतो. क्लासची चौकशी तूर्तास थांबवली आहे.