भूमितीच्या बाई आणि माझी वकिली

समितीचा फोन आला, शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढतोय, इंजिनिअरचा वकील कसा झालास ते लिही म्हणाले. लिहायला बसलो तर डोक्यात फक्त भूमितीच्या बाई, त्यामुळे बाकीच्या सरांनी रागवू नये.

बाई फळ्यावर आकृती मुद्दाम वाकडी काढायच्या हे आपल्या बॅचला आठवत असेलच. एकदा मागच्या बाकावरचा एक जण हुशारी करून स्टाफरूममधून मोठा लाकडी कंपास घेऊन आला, बाईंनी तो शांतपणे टेबलावर ठेवला आणि पुन्हा हातानेच त्रिकोण काढला, एक बाजू चांगली वीतभर लांब. "बाई, हा समद्विभुज दिसत नाही." "पक्षात दिलंय ना समद्विभुज? मग दिसू दे कसाही." आणि सिद्धतेत प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण नसेल तर त्या ओळीचा मार्क गेला, रडलात तरी गेला.

पुढे व्हीजेटीआयला मेकॅनिकल, ठाण्यात डिझाइनची नोकरी, मग एलएलबी आणि पेटंट एजंटची, म्हणजे लोकांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा (ती नुसत्या लॉवाल्यांना देता येत नाही, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते, तिथे माझी जुनी डिग्री कामाला आली). २००५ ला कायदा बदलून औषधांवर थेट प्रॉडक्ट पेटंट (नुसत्या बनवण्याच्या पद्धतीवर नाही, औषधावरच) मिळायला लागलं, त्यानंतर या लाइनीत कामही वाढलं. मी मात्र जास्त करून मशिनरीच्या केसेस घेतो.

आता हायकोर्टात असतो. क्लायंट दोन फोटो समोर टाकून म्हणतो, साहेब, डिट्टो कॉपी आहे! मी म्हणतो फोटो राहू दे, पेटंटच्या शेवटी जे क्लेम्स, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते, लिहिलेत ते काढ, त्यातला एकेक घटक समोरच्याच्या मशीनमध्ये कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. एक जरी सापडला नाही तरी केस डगमगते. वर समोरचा गप्प बसत नाही, पेटंट कायद्याचं कलम ६४ काढून तुमचं पेटंटच रद्द करा म्हणतो, आणि असा काउंटरक्लेम (उलट दावा) जिल्हा कोर्टात आला की अख्खा दावा हायकोर्टात जातो. ज्युनिअर्सच्या ड्राफ्टवर मी मार्जिनमध्ये एकच शब्द लिहितो, "कारण?" पोरं वैतागतात.

मध्ये शाळेत चक्कर मारली. मराठी माध्यमाची एकच तुकडी उरलीय म्हणे, वाईट वाटलं. आपल्या वर्गात स्मार्टबोर्ड आलाय, बटण दाबलं की त्रिकोण एकदम परफेक्ट. मला काही तो आवडला नाही.